बोट किती बकरे खाते

खाटकाला कुठलाही हिशेब बकऱ्यांत केल्याशिवाय उमगत नसे. लेकीचं लग्न म्हणजे अख्खा कळप. सासऱ्याचं आजारपण म्हणजे दोन बोकड आणि एक म्हातारी शेळी. त्यामुळे दुकान विकून उरलेलं आयुष्य राहत्या बोटीत, पाण्यावर काढायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं, तेव्हा बायकोने वारा, लाटा, बुडणं यातलं काही विचारलं नाही.

"बोट खाते किती?" एवढंच म्हणाली.

"खाते म्हणजे? एकदा घेतली की झालं."

"अहो, आपण बोकड घेतो आणि कापतो, म्हणून तुम्हाला वाटतं घेतलं की संपलं. बोट कापत नाहीत, पोसतात. मरेपर्यंत पोसायची झाली तर ती खाणार किती? तिचं म्हातारपण आणि तुमचं म्हातारपण मला एकाच वेळी काढायचं नाही. संध्याकाळपर्यंत गोदीतून खरा आकडा काढा, मी फाटकाशी येते. मनाला पटला तर पेटी घेऊन येते. नाहीतर तुम्ही जा पाण्यावर, मी निघाले बहिणीकडे."

बहिणीचं नाव ऐकून खाटीक हबकला. बाई तशी प्रेमळ होती, पण तिच्याकडे चार दिवसांसाठी गेलेलं माणूस परत आल्याचं ऐकिवात नव्हतं. तिची सासू डोळे तपासायला म्हणून आली होती, ती तिथेच नव्वदीला टेकली. खाटीक आणि बायको जन्मभर एकाच ओट्यामागे उभे राहिले होते. तो तोडायचा, ती तोलायची. तिच्याविना त्याला स्वतःचा सदरा सापडत नसे, आणि सापडला तरी तो उलटा घातलाय हे सांगायला कुणी नसे.

तो तडक गोदीत गेला.

गोदीच्या आवारात तीन राहत्या बोटी विकायला होत्या. तिन्ही पाण्याबाहेर काढून, खाली लाकडी टेकू लावून, शेजारी शेजारी उभ्या केलेल्या. डावीकडे सुताराची लाकडी बोट, मधे दातांच्या डॉक्टरची फायबरची, आणि उजवीकडे, जरा सुटी, गंजोबाची लोखंडी. गंजोबाचं खरं नाव तोही विसरला होता. डोक्यापासून पायापर्यंत तो गंजाच्याच रंगाचा झाला होता, आणि शिंकला की समोरच्याच्या सदऱ्यावर तांबडे ठिपके पडत.

आता बोटीत राहणाऱ्या माणसांचा एक स्वभाव असतो. आपल्या बोटीवर होणारा खर्च ते बायकोलाही खरा सांगत नाहीत, आणि शेजाऱ्याच्या बोटीवर होणारा खर्च मात्र त्यांना पैशापैशाने पाठ असतो. म्हणून या गोदीत एक रीत पडली होती. गिऱ्हाइकाने बोटीच्या बुडाशी हातोडीने टक् करायचं. मालकाने एक खर्च सांगायचा. खोटं बोलला तर शेजाऱ्यांनी त्याच्या कानाखाली आवाज काढायचा. मग गिऱ्हाइकाने पुन्हा टक् करायचं. या रीतीने गोदीत आजवर पुष्कळ बोटी विकल्या गेल्या होत्या आणि त्याहून जास्त कान बहिरे झाले होते.

"लागा मग," गंजोबा म्हणाला आणि खाटकाच्या हातात हातोडी दिली. त्याला एकच डोळा होता, पण त्या एका डोळ्यात दोन डोळ्यांचा कावा होता. "पहिला मान डॉक्टरसाहेबांचा. शिकलेला माणूस, खोटंही व्याकरणशुद्ध बोलतो."

डॉक्टर वाकलेल्या पाठीने शिडी चढून डेकवर उभा राहिला. सुतार त्याच्या डाव्या कानाशी, गंजोबा उजव्या. खाली खाटकाने फायबरला टक् केलं.

"हिला ना गंज, ना कीड," डॉक्टर म्हणाला. "वर्षातून एकदा बुडाला रंग लावला की—"

सुताराचा हात फिरला. आवाज असा निघाला की धक्क्यावरचे सगळे पक्षी उडाले, आणि सांगणारे सांगतात, त्यातले काही अजून परत आलेले नाहीत. डॉक्टरचा चष्मा खाटकाच्या पायाशी येऊन पडला.

"बुडाला फोड येतात ते सांग की, डॉक्टर!"

"येतात," डॉक्टर गाल धरून म्हणाला. "पाणी आत मुरतं, सगळा तळ फोडांनी भरतो. खरवडायचा, हंगामभर उन्हात वाळवायचा, मग वरून नवा थर. तेवढे दिवस राहायला भाड्याची खोली."

सात बकरे, खाटकाने मनात मांडले. टक्.

"शिडं मात्र टिकाऊ—"

या वेळी गंजोबा. डॉक्टर डेकवर आडवा झाला, उठून बसला, तोंडात बोट घालून एक दाढ बाहेर काढली आणि उजेडात धरून नीट पाहिली. "ही तशीही काढायचीच होती," तो म्हणाला, पण त्याच्या हनुवटीवरून रक्त ओघळून सदऱ्यात चाललं होतं. "शिडं उन्हाने विरतात. डोलकाठीच्या तारा ठरावीक वर्षांनी सगळ्या बदलाव्या लागतात, नाहीतर विमेवाला दारात उभं करत नाही. आणि धक्क्याचं भाडं लांबीवर. पुढे टोक काढलंय ना, त्या नुसत्या टोकाचंही भाडं भरतो मी. झालं समाधान?"

खाटकाच्या डोक्यात बकऱ्यांची रांग वेशीपर्यंत गेली. त्याला वाटलं होतं, मालक सांगतील, आपण बेरीज करू, संध्याकाळी बायकोसमोर आकडा ठेवू. रक्ताचं त्याला काही नव्हतं, जन्म त्यातच गेला होता. पण ओट्यावरचा बोकड उलटून मारत नाही, आणि ही माणसं आता एकमेकांकडे ज्या नजरेने बघत होती, ती त्याला मुळीच आवडली नाही.

पाळी सुताराची आली. तो आपल्या लाकडी बोटीवर असा चढला जसा नवरदेव घोड्यावर चढतो. त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी होती. डॉक्टर मागोमाग गेला, सावकाश बाह्या दुमडत.

टक्.

"लाकूड आहे, बाबा," सुतार म्हणाला. "एक फळी गेली, दुसरी बसवली. लाकूड स्वस्त. मजुरी घरचीच."

डॉक्टरने मारलं ते कानाखाली नव्हतं. माणसाच्या जबड्यात कुठली शीर कुठून जाते हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याने नेमकी तीच शोधली. सुताराचं तोंड एकीकडे गेलं आणि शब्द दुसरीकडे.

"कानाखाली ठरलं होतं!" गंजोबा ओरडला.

"दाढ कुठे ठरली होती?" डॉक्टर म्हणाला. "बोल रे सुतारा. फळ्यांमधल्या फटींत सुताचे दोर ठोकून वर डांबर ओततोस ते दर किती वर्षांनी?"

"दर वर्षी," सुतार वाकड्या तोंडाने म्हणाला.

"आणि किडा?"

"किडा नाही माझ्या बोटीत!"

"तुझ्या बोटीत किडा नाही? अरे, किडे बोट घेऊन बसलेत आणि तू त्यांच्यात भाडेकरू आहेस!"

इथे रीत संपली आणि मारामारी सुरू झाली. सुताराने कमरेची मोगरी काढली, तो लाकडी ठोकळा ज्याने छिन्नी ठोकतात, आणि डॉक्टरच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज खाटकाला दुरूनही ओळखू येतो. हे गळ्याजवळचं होतं. डॉक्टर किंचाळत सुताराच्या अंगावर गेला, दोघं एकमेकांना मिठी मारून शिडीवरून खाली आले, म्हणजे शिडीच्या पायऱ्या मोडत आले. खाली पडल्यावर सुताराने डॉक्टरचा कान दातांत धरला. डॉक्टरने एका हाताने जमिनीवरची वाळू त्याच्या डोळ्यांत कोंबली. गंजोबा सोडवायला म्हणून गेला आणि दोघांना सारख्याच लाथा घालू लागला, कारण त्याला कुणाशी भेदभाव करायचा नव्हता.

"अहो, लागेल कुणाला तरी!" खाटीक म्हणाला.

त्याच्याकडे बघायलाही कुणाला सवड नव्हती. सुतार पाठीवर पडून पाय झाडत होता, आणि त्यातली एक लाथ त्याच्याच बोटीच्या टेकूला बसली. टेकू सरकला. लाकडी बोट जरा वेळ विचार करत थांबली, एखादी लठ्ठ बाई पाटावर बसण्याआधी थांबते तशी, आणि मग सगळं अंग टाकून डॉक्टरच्या बोटीवर बसली. फायबर तडकलं. तो आवाज ऐकून खाली धुळीत लोळणारे दोघेही जागच्या जागी थांबले. लाकडी बोटीची बाजू उघडी पडली होती, आणि आतून भुसा असा धो धो पडत होता की किड्यांबद्दल कुणाला काही विचारायची गरज उरली नाही. डॉक्टरच्या बोटीला बुडापासून डेकपर्यंत हात जाईल एवढी चीर गेली होती.

सुतार रडू लागला. डॉक्टरने त्याचं रडणं ऐकलं, आणि चांगल्या हाताने त्याच्या नाकावर आणखी एक ठोसा दिला. नाक बसलं.

खाटकाने बोटी मोजल्या. दोन बोटी गेल्या. उरली एकच, आणि सूर्य कलत चालला होता.

"गंजोबा," तो म्हणाला, "चला. तुमची."

"माझी कशाला ठोकता? लोखंड आहे ते. दिसतं तेवढंच खरं." गंजोबा आपल्या बोटीत उतरला आणि वरच्या झाकणातून नुसतं डोकं बाहेर काढून बसला. "विचारा. माझे शेजारी तिकडे मरून पडलेत, तेव्हा मारायला कुणी यायचं नाही. सांगतो ते गोड मानून घ्या. हिला खर्च नाही."

"काहीच नाही?"

"वर्षाकाठी एक डबा रंग."

एक डबा रंग म्हणजे बकऱ्याची एक तंगडीही नाही. हे खोटं आहे हे खाटकाला कळत होतं. पण संध्याकाळी बायको गोदीच्या फाटकाशी येणार, आकडा विचारणार, आणि खोट्या आकड्यावर तिला बोटीत आणलं तर ती वर्षाच्या आत बहिणीकडे जाणार. तिला ताजं मांस आणि शिळं मांस पुडक्यावरून कळत असे. खरं काढायचंच होतं, आणि खरं काढायची त्याला एकच पद्धत माहीत होती.

जनावर कितीही दांडगं असो, ते सांध्यात उघडतं. खाटीक लोखंडी बुडावरून बोटं फिरवत चालू लागला. गोदीतल्या दुसऱ्या कुणीही तिथे हातोडी अलगद टेकवून आवाज ऐकला असता. पण खाटकाला दोन पत्रे जिथे भेटतात तिथे जाड काळ्या रंगाखाली एक मऊ जागा लागली, त्याने पाय रोवले, आणि बोकडाची मांडी तोडावी तसा डोक्यावरून पूर्ण घाव घातला.

हातोडी आत गेली. हातोडीमागे मनगट गेलं, मनगटामागे कोपर. तिथे लोखंड नव्हतंच. गंजाचा पापुद्रा, त्यावर सिमेंट, त्यावर डांबर, त्यावर रंग. आत हातोडी त्याच्या मुठीतून सुटली, आणि मग गंजोबाची किंकाळी आली, कारण ती त्याच्या पायाच्या अंगठ्यावर पडली होती.

खाटकाने हात मागे ओढला. पत्र्याच्या वाकड्या कडा आत वळल्या होत्या. त्या माशाच्या गळासारख्या दंडात रुतल्या.

"माझी बोट फोडली!" आतून आवाज आला. "माझा अंगठा फोडला!"

"गंजोबा, चुकून झालं. हात अडकलाय हो माझा."

"अडकलाय?" आतून पुन्हा आवाज आला. मग जड पाना उचलल्याचा खण्ण आवाज झाला. "कुठे बघू?"

पहिला घाव बसला तेव्हा खाटकाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसऱ्याला काजवेही विझले. आपला हात पलीकडे, आपल्या नजरेआड, कुणीतरी मटणासारखा कुटतंय, आणि आपण इकडे गाल लोखंडाला लावून बोटीला मिठी मारून उभे आहोत, ही गोष्ट त्याला इतकी अपमानाची वाटली की तो ओरडायचंही विसरला. बोटं एकेक करून मोडत होती. तो करंगळीपासून ओळखत होता. मोकळ्या हाताने त्याने पत्र्यावर बुक्क्या मारल्या, लाथा मारल्या, शेवटी कपाळ आपटलं. कपाळ फुटून रक्त डोळ्यांत आलं आणि त्या तांबड्या पडद्याआडून त्याला बायको दिसली.

ती फाटकातून पदर खोचत येत होती. तिने एकावर एक बसलेल्या दोन बोटी पाहिल्या, भुशाच्या ढिगावर पडलेला सुतार पाहिला, खांदा धरून बसलेला डॉक्टर पाहिला, आणि मग लोखंडाला चिकटलेला नवरा.

"आकडा मिळाला का?" तिने विचारलं.

"अगं, हात... आत..."

आत पाना पुन्हा पडला. खाटकाचं वाक्य तिथेच तुटलं. बायको तशीच पुढे झाली. शिडी चढली, झाकणातून खाली उतरली. तिची पावलं खाटकाला कानाला लागलेल्या पत्र्यातून ऐकू येत होती.

"कोण तुम्ही? चालत्या व्हा!" हा गंजोबा.

मग एक धप्प आवाज झाला. मऊ आणि जड, ओट्यावर बोकडाचा पुठ्ठा टाकल्यासारखा. पाना खाली पडून घरंगळत गेला. खाटकाला कळलं, हातोडी तिला सापडली होती. जन्मभर ती नुसती तोलत उभी होती असं लोकांना वाटे, पण सणावाराच्या गर्दीत निम्मी हाडं तीच फोडायची.

"बस," बायको म्हणाली. "हात टेबलावर ठेव. दोन्ही. आता सांग, ही खाते किती?"

"वर्षाकाठी एक डबा—" धप्प. गंजोबाची किंकाळी पत्र्यातून खाटकाच्या दातांत शिरली.

"गंज आतून लागतो!" गंजोबा ओरडला. "बाहेरून रंगवून काही होत नाही! सगळं सामान काढून आतून घासायचं, दर वर्षी!"

"पुढे."

"पाण्याखाली जस्ताचे ठोकळे लावायचे. समुद्र लोखंडाऐवजी ते खातो. ठोकळे संपले की बोट खातो."

"पुढे."

"बूड झिजतं. पत्रे कापून नवे जोडायचे. मला नाही झेपलं, म्हणून सिमेंट भरलं. इंजिन तेल पितं. नका मारू, बाई, सांगतोय ना!"

"हे सगळं करतं कोण?"

"मीच."

"डोळा कसा गेला?"

"घासताना ठिणगी उडाली."

"आणि बायको?"

या प्रश्नावर तिने हातोडी मारली नाही, तरी गंजोबा बराच वेळ कण्हत राहिला. "गेली. मी दिवसभर बुडाशी वाकलेला. म्हणायची, मला नवऱ्याची नुसती पाठ दिसते."

खाटीक बाहेर डोळे मिटून ऐकत होता. आता तिने पेटी उचललीच, असं त्याला वाटलं. बकऱ्यांचा आकडा कळपांच्या पलीकडे गेला होता, आणि तोही खरा निघाला होता. तिला बहिणीकडे जायला याहून चांगलं कारण मिळालं नसतं. अशा खर्चाला आपण दोन म्हातारे कुठून पुरे पडणार? शिवाय ज्या हाताने गंज घासायचा, त्या हाताची पाच बोटं पाच दिशांना वळली होती. त्याला हाताचं दुःख झालं नाही. उद्या सदरा उलटा घातलाय हे कोण सांगणार, या विचाराने मात्र त्याने फुटलेलं कपाळ पत्र्याला टेकलं.

आत बायकोने हातोडी टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "बाहेर त्या दोघांचं बघून आले. एकाला दोन बोटं नाहीत, दुसऱ्याची पाठ सरळ होत नाही. तुला डोळा नाही. तुम्ही तिघं लेकाचे पैशाचा खर्च सांगता आणि अंगाचा लपवता. खरी खाते ती अंग खाते."

"हो, बाई."

"माझ्या नवऱ्याचं अंग मी घालणार नाही हिच्यात. त्याचा हात तर तू आताच मोडलास. ही बोट मी घेते. भोकासकट, भोकाच्या भावात. तू पुढच्या खोलीत राहायचं, दोन वेळचं आमच्यात जेवायचं, आणि हिचं घासणं, ठोकणं, पत्रे लावणं तू करायचं. दुपारनंतर हात धुवायचे आणि वर येऊन माणसांत बसायचं. रोज. कबूल?"

गंजोबा काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने."

"मला बोट सोडावी लागणार नाही?" त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"मी विचारलं ते सांग."

"कबूल, बाई. कबूल."

थोड्या वेळाने गंजोबा शिडीवरून एकेक पायरी घसरत खाली आला. त्याचा एक हात फडक्यात गुंडाळला होता, दुसऱ्यात पत्रा कापायचा ग्राइंडर होता. पायाचा अंगठा वांग्याएवढा झाला होता. त्याने खाटकाच्या दंडाभोवती एक ओलं पोतं लपेटलं, एका डोळ्याने अंतर मापलं, आणि ग्राइंडर सुरू केला. ठिणग्यांचा फवारा खाटकाच्या मानेवर आला.

"सावकाश रे," खाटीक म्हणाला.

"हलू नका, दादा. आधीच माझा हात थरथरतोय. तुमच्या बाईंनी ठेवलाय कुठे शाबूत."

"मालकीणबाई म्हण."

"मालकीणबाईंनी."

पातं दंडाच्या इतक्या जवळून गेलं की पोतं करपल्याचा वास आला. मागे डॉक्टर एका हाताने सुताराचं नाक जागेवर बसवत होता आणि सुतार त्याला आईबहिणीवरून शिव्या देत होता. खाटकाने दात आवळले. पत्र्याच्या आत, त्याच्या कानाशीच, काहीतरी जड सरकवल्याचा आवाज झाला. मग पुन्हा झाला, उलट्या दिशेने. शेगडीची जागा बायकोला पसंत नव्हती.